‘छोट्या तलावा’ला बोलीत काय म्हणतात? आधी सांगा, ते पाणी कुणी अडवलंय

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं आहे. एक ऑडिओ मालिका लिहितोय, परळच्या एका जुन्या चाळीत राहणारी वेगवेगळ्या गावची माणसं, मालवणकडची आजी, भंडाऱ्याचा वॉचमन, अकोल्याची नर्स, वसईचा फुलवाला, कोल्हापूरचा पैलवान आणि उरणचा आगरी ड्रायव्हर. एका भागात प्रत्येकजण आपल्या गावच्या ‘छोट्या तलावा’ची आठवण सांगतो. तर प्रत्येकाच्या तोंडी घालायला त्या त्या बोलीतला शब्द हवाय, जिल्हा आणि समोर शब्द असा सरळ तक्ता मिळाला तर बरं, कारण शब्दकोशात बघितलं तर सगळीकडे तळं, तलाव, सरोवर एवढंच येतं. शिवाय दोन उपप्रश्न, की तळं आणि तलाव यात छोटं कुठलं, आणि ‘डबकं’ चालेल का.

मी मालिका आणि डबिंगसाठी बोलीभाषेचं काम बघते, म्हणजे स्क्रिप्टमधली पुणेरी मराठी त्या त्या गावची वाटेल अशी करून द्यायची आणि मग स्टुडिओत बसून नटांकडून ती म्हणून घ्यायची. असा तक्ता मागणारे लेखक मला नेहमी भेटतात आणि मी तो देत नाही. द्यायचा नाही म्हणून नाही, तर तो दिला की लेखक त्यातला सगळ्यात अनोळखी दिसणारा शब्द उचलतो आणि चुकीच्या पाण्यावर चिकटवतो. मग त्या गावचा एखादा माणूस ऐकतो आणि हसतो. तुमची अडचण शब्द सापडत नाही ही नाहीये, तुम्ही पाण्याचं माप घेऊन शब्द शोधताय ही आहे. मराठीत साचलेल्या पाण्याची नावं मापावरून फार कमी पडतात. ते पाणी कुणी अडवलं, कशासाठी अडवलं, दगडात कोरलंय की मातीचा बांध घातलाय, नदीचं आहे की पावसाचं, आणि ते पितात का, यावरून पडतात.

मापाचं म्हणाल तर मुंबईतच बघा ना. पावसाळ्यात रोज बातमी असते, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत किती साठा झाला. त्यातलं भातसा हे चांगलं भलंमोठं धरण आहे, तरी ते तलाव. आणि भाद्रपदात गल्लीच्या तोंडाशी महापालिका जी टाकी आणून ठेवते, ज्यात दीड दिवसाचा गणपती जेमतेम बुडतो, तिचं नाव काय तर कृत्रिम तलाव. पुण्यात त्याच वस्तूला विसर्जन हौद म्हणतात आणि ते मला जास्त बरोबर वाटतं, पण मुंबईकराला हौद म्हटलं की काही डोळ्यासमोर येत नाही. तर भातसा पण तलाव आणि ती टाकी पण तलाव, माप कुठे राहिलं? तळं आणि तलाव यातही तेच, महाडचं चवदार तळं काही डबक्याएवढं नाहीये. फरक असलाच तर एवढा की तळं हे घरातलं बोलणं आहे आणि तलाव हे जरा सरकारी, शाळेतलं, बोर्डावरचं. साताऱ्यात मंगळवार तळं, मोती तळं असं तोंडी ऐकू येतं, सावंतवाडीत मात्र मोती तलाव. नागपूरला जा, तर सगळंच तलाव.

ट्रेकला जाणाऱ्यांना हे लगेच पटतं. रायगडावर गंगासागर तलाव आहे, हत्ती तलाव आहे, आणि त्याच गडावर टाकी पण आहेत. टाकं म्हणजे कातळात कोरून काढलेलं, त्यात आत खांब ठेवले असतील तर खांबटाकं. तलावाला पाणी अडवावं लागतं, टाकं कोरावं लागतं. म्हणून एखादं टाकं लहानशा तलावापेक्षा मोठं असलं तरी गडावरचा माणूस त्याला तलाव म्हणणार नाही. आणि ही वाटणी आजची नाही, बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जे शिलालेख आहेत त्यात कोरलेल्या टाक्यासाठी ‘पोढी’ असा स्वतंत्र शब्द येतो, जुन्नर आणि नाणेघाटाच्या लेखांतही येतो. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्याला सुद्धा नुसतं ‘पाणी’ म्हणून भागत नव्हतं, कुठल्या प्रकारची सोय केली ते नीट लिहायचं होतं.

यामागचं कारण आपल्या जमिनीत आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग म्हणजे काळा बेसाल्ट, आणि आपोआप तयार झालेली मोठी तळी इथे फारच थोडी. लोणार आहे, पण ते उल्का पडून झालेलं विवर, आणि पाणी खारं. बोलताना ज्याला लोक खरोखर सरोवर म्हणतात असं मला तरी तेवढं एकच माहितीये. बाकी सगळं माणसानं खणलेलं, बांधलेलं, कोरलेलं. २०२३ साली केंद्र सरकारनं देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली, त्यात तळी सगळ्यात जास्त पश्चिम बंगालमध्ये निघाली आणि महाराष्ट्र पुढे होता तो जलसंधारणाच्या कामांत, म्हणजे पाझर तलाव, बंधारे वगैरे. बंगालीत पुकुर म्हटलं की घराजवळचं तळं सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे तसा एक शब्द सगळीकडे चालत नाही, कारण तशी एकच वस्तू सगळीकडे नाही.

आता तुमच्या माणसांकडे येते. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, काही ठिकाणी सांगण्यासारखं खूप आहे, काही ठिकाणी तळं म्हणजे तळंच.

वसईचा फुलवाला तुमच्याकडे सगळ्यात भारी पात्र आहे, कारण त्याच्याकडे असा शब्द आहे जो विरारच्या पलीकडे आणि भाईंदरच्या अलीकडे फारसा कुणाला कळत नाही. बावखल. बाव म्हणजे विहीर, आणि बावखल म्हणजे वाडीत खणलेलं उघडं लहान तळं, ज्यात पावसाचं गोडं पाणी साठतं आणि जमिनीत मुरतं. त्याच्यावर पूर्वी रहाट असायचे, आता पंप आहेत. केळी, पानवेल, फुलं, भाजी सगळं त्याच पाण्यावर. वसईला तिन्ही बाजूंनी खारं पाणी, समुद्र आणि खाडी, त्यामुळे हे मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला विहिरींपासून लांब ठेवतं, म्हणून तिथल्या जुन्या माणसांना बावखल बुजवणं म्हणजे शेजाऱ्याची विहीर खारी करणं वाटतं. मधल्या काळात जागांचे भाव वाढल्यावर खूप बुजली, कुणी मच्छर होतात म्हणून भर घातली, आणि आता गेली काही वर्षं तिथली तरुण मुलं आणि गावकरी काही बावखलं परत उपसून साफ करतायत. तुमचा फुलवाला ‘आमच्या वाडीतलं तळं’ म्हणाला तर कुणी चूक काढणार नाही, पण ‘बावखल’ म्हणाला की तो वसईचा आहे हे सांगायला वेगळं वाक्य लागणार नाही. लिहिताना काहीजण बावखळ लिहितात, बोलण्यात मात्र ळ चा ल होतो, ते तसंच ठेवा.

उरणच्या ड्रायव्हरकडे असा चमकदार शब्द शोधू नका. आगरी-कोळी गावात तलाव हा गावाचा तलाव, देवळाजवळचा, आणि नाव घेऊनच बोलतात. पनवेलची नावं बघा किती सुंदर आहेत, वडाळे तलाव, कृष्णाळे तलाव, विश्राळे तलाव. त्याची बोली नामात नाहीये, प्रत्ययात आहे. ‘तलावात’ च्या जागी ‘तलावान’, पाण्यात च्या जागी ‘पान्यान’, एवढं जरी नटानं नीट म्हटलं तरी काम झालं. शिवाय त्याच्या आयुष्यात एक नवा प्रकार आलाय तो विसरू नका, सिडकोचे होल्डिंग पॉन्ड. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ओहोटीला सोडायचं म्हणून नवी मुंबईत ते केलेत, कागदावर त्यांना धारण तलाव म्हणतात, पण बोलताना लोक होल्डिंग पॉन्डच म्हणतात. चाळीशीतला ड्रायव्हर हा शब्द वापरेल आणि तो त्याचा बोलीतलाच शब्द आहे असं मी धरते. बोली म्हणजे फक्त आजीचे शब्द असं नसतं.

ठाण्याचं कुणी पात्र नाहीये तुमच्याकडे, पण मध्येच एक सांगते. पोखरण रोड नंबर एक, दोन. ठाण्याबाहेरच्या लोकांना वाटतं की राजस्थानात अणुचाचणी झाली त्यावरून नाव आहे. तसं काही नाही, पोखरण म्हणजे पुष्करणी, पायऱ्या असलेलं, बहुतेक वेळा देवळापुढचं बांधीव तळं. अलिबागकडे चौलला रामेश्वराच्या देवळासमोर आहे तिला पोखरणच म्हणतात. आणि ठाण्यातल्याच तलावपाळी मधली पाळ म्हणजे तळ्याचा बांध, मासुंदा तलावाचा काठ. हा पाळ शब्द लक्षात ठेवा, भंडाऱ्यात परत भेटणार आहे.

मालवणकडच्या आजीसाठी सगळ्यात आधी ठरवा की ती पाण्याबद्दल बोलतेय म्हणजे नक्की कुठल्या. घराजवळची विहीर असेल तर बांव. पावसाळी ओढा असेल तर व्हाळ. नदीत किंवा व्हाळात जिथे पाणी खोल राहतं आणि मे महिन्यातही आटत नाही, जिथे पोरांना जाऊ देत नाहीत, ती कोंड. आणि देवळाजवळचं बांधलेलं पाणी म्हणजे तळी नाहीतर तळां. मालवणीत ‘तळं’ चं ‘तळां’ होतं आणि ‘तळ्यावर’ चं ‘तळ्यार’. आजी म्हणेल, ‘आमच्या तळ्यातला पाणी मे म्हयन्यात पण आटणा नाय’. गोव्याच्या बाजूला सरकलात तर मंगेशीला देवळासमोर आहे तशी तळी, तिथेही पाण्याला देऊळ चिकटलेलंच असतं. आता यात एक खड्डा आहे. ‘कोंड’ हा शब्द उत्तरेला रत्नागिरी-रायगडात गेलात की वाडीला लावतात, वस्तीला. चिपळूणचा माणूस ‘आमच्या कोंडात लाईट नाय’ म्हणतो तेव्हा तो डोहाबद्दल बोलत नसतो. म्हणजे एकच कोकण, एकच शब्द, आणि अर्थ पार वेगळा. तुमची आजी कुडाळ-मालवणची असेल तर कोंड चालेल, तिचं माहेर गुहागर केलंत तर श्रोता गोंधळेल.

आणि आजीच्या गावाजवळ धामापूर आहे. १५३० च्या सुमाराचा तलाव, मातीचा बांध, अजून भातशेतीला पाणी देतोय, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण आजीला हे काही बोलायला लावू नका हं, ती फक्त ‘धामापूराक’ म्हणेल. गावातली माणसं गावच्या पाण्याला जातिवाचक नाव क्वचित घेतात, विशेषनामच घेतात. कोल्हापूरचा माणूस ‘रंकाळा तलाव’ म्हणत नाही, नुसतं रंकाळा.

भंडाऱ्याचा वॉचमन. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा खरा तलावांचा मुलूख आहे आणि मुंबईत याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. तिथे मोठे असतात त्यांना तलाव म्हणतात आणि शेतातल्या, चार-दोन शेतकऱ्यांच्या मालकीच्या, थोड्या धानाला पुरेल एवढं पाणी धरणाऱ्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. तुम्ही म्हणाल, बघा, हे मापावरूनच झालं की. अर्धं बरोबर आहे. बोडी लहान असते, पण ती बोडी आहे कारण ती कुणाच्या तरी शेताची आहे. तलाव गावाचा, बोडी घरची. म्हणून तुमच्या वॉचमननं ‘गावची बोडी’ असं म्हटलं तर जरा खटकेल, ‘आमची बोडी’ म्हणाला तर गोड.

त्या मोठ्या तलावांचं नाव मामा तलाव. ऐकणाऱ्याला वाटतं कुणाच्या मामाचा, पण ते माजी मालगुजारी चं संक्षिप्त रूप आहे. गोंड राजांच्या काळात ज्यानं तलाव बांधला त्याला जमिनीचा हक्क मिळायचा, कोहळी समाजानं असे पुष्कळ तलाव बांधले, नवेगावबांध त्यातलाच म्हणतात. पुढे मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार, आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी’ झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव मोजलेत. तर साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी मामा तलाव हा तसा कागदावरचा, ग्रामपंचायतीतला शब्द, तो पाटबंधाऱ्याच्या साहेबाशी बोलताना वापरेल. आपसात तो तलावाचं नाव घेईल नाहीतर भागांची नावं घेईल. पाणी सोडायचं दार म्हणजे तुडुम. बांध म्हणजे पाळ, ठाण्यातलीच पाळ, पण तिकडच्या झाडीबोलीत ळ चा र होतो म्हणून ती पार होते. नट जर ‘तलावाच्या पारीवर’ म्हणाला ना, तर मला भंडारा दिसायला लागतो. पलीकडे छत्तीसगडात तर तळ्यालाच तरिया म्हणतात, हा र तिथपर्यंत ऐकू येतो.

अकोल्याच्या नर्सला मात्र बोडी देऊ नका प्लीज. विदर्भ म्हटलं की सगळा एक असं मुंबईत समजतात. अकोला, बुलढाणा, अमरावती हा वऱ्हाड, तिथे धान नाही, कापूस-सोयाबीन, तलावांची ती परंपरा नाही, उलट पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे जिथे विहिरीचं पाणी खारं लागतं. तिच्या आठवणीत शेततळं येईल, नदीतला डोह येईल, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खणलेली झिरी येईल. आणि तळं म्हणायचंच असेल तर तिथे ळ चा य होतो, शाळा ची शाया, तसं तळं चं तयं. ‘माह्या गावच्या तयात पानी नाई राह्यलं.’ बस, एवढंच. खानदेशातही ळ चा य होतो, पण म्हणून वऱ्हाडी वाक्य उचलून जळगावच्या माणसाला देता येत नाही, क्रियापदं पूर्ण वेगळी आहेत.

कोल्हापूरच्या पैलवानाला दोन शब्द द्या. एक तीर्थ. कोल्हापुरात देवाशी जोडलेल्या तळ्यांना तीर्थ म्हणायची पद्धत आहे, कोटीतीर्थ अजून आहे, आणि कपिलतीर्थ, वरुणतीर्थ ही बुजून मंडई आणि मैदान झालीत तरी नावं राहिलीत. दुसरा खण. दगड काढून उरलेल्या खाणीत पाणी साचलं की ती खण, इराणी खण, सांगलीत काळी खण. आपल्या कल्याण-ठाण्याकडे त्यालाच खदान म्हणतात आणि बहुतेक वेळा कुणी बुडाल्याच्या बातमीतच ऐकायला मिळतं. पैलवान पहाटे पोहायला कुठे जायचा ते ठरवा, शब्द आपोआप येईल.

मराठवाडा तुमच्या यादीत नाही, पण घेतलात तर बारव ही पायऱ्यांची विहीर आहे, तळं नाही, बरेच लेखक दिसायला छान म्हणून तिला तळ्याच्या जागी वापरतात. तिथलं रोजचं साचलेलं पाणी म्हणजे पाझर तलाव, त्यातले पुष्कळसे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामातून झालेले, आणि आता शेताशेतात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला तर लोक नुसतं केटी म्हणतात, ‘केटीवर भेटू’.

डबकं चालेल का, तर चालेल, पण ते पाण्याचं नाव नाहीये, पाण्याबद्दलचं मत आहे. स्वतःच्या गावच्या पाण्याला कुणी डबकं म्हणत नाही, चिडला असेल किंवा लाजला असेल तरच म्हणतो. पैलवानानं आगरी ड्रायव्हरच्या गावच्या तलावाला डबकं म्हटलं तर चाळीत भांडण लागेल, आणि तो सीन तुम्हाला हवा असेल तर घ्याच.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. वय, पहिलं. मग धंदा, मासे धरणारा, शेतकरी, पुजारी, गुराखी, एकाच पाण्याला वेगळं बोलतात. ऋतू, कारण मे महिन्यात जे गायब होतं त्याला गावात फारसं नाव नसतं. आणि जात, हे टाळून चालणार नाही. पाणवठा हा शब्द आपल्याला आज जंगलातल्या प्राण्यांसाठी वापरायची सवय झालीये, पण गावोगाव पाणवठे माणसांचे होते आणि वेगळे होते. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं कागदोपत्री खुलं केलं होतं तरी प्रत्यक्षात नव्हतं, म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन तिथे पाणी प्यावं लागलं. तुमच्या पात्रांपैकी कुणाच्या आजोबांना गावच्या तळ्यावर जायची बंदी असेल तर त्याच्या आठवणीत ते तळं नसेलच, त्याच्या वस्तीचा आड किंवा झरा असेल. ‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण सुद्धा प्रत्येक घरात सारख्या आवाजात म्हटली जात नाही. लेखक म्हणून हे शब्दाच्या आधी ठरवावं लागतं.

शब्द गोळा करायची माझी पद्धत विचाराल तर अगदी साधी आहे. फोटो दाखवून ‘याला काय म्हणता’ असं कधीच विचारत नाही. मुंबईहून कुणीतरी बाई आलीये, वही घेऊन बसलीये, म्हटल्यावर समोरचा शाळेतला शब्द देतो, तलाव, आणि तुम्ही तोच घेऊन परत येता. त्याऐवजी विचारायचं, म्हशी दुपारच्या कुठे असतात. गणपती कुठे पोचवता. पोहायला कुठे शिकलात. लहानपणी आईनं कुठे जाऊ नको सांगितलं होतं. मे महिन्यात पाणी कुठून आणता. या प्रत्येक प्रश्नाला वेगळं पाणी उत्तरात येतं आणि त्याचं खरं नाव बोलण्याच्या ओघात निसटून येतं. जव्हार-मोखाड्याकडे ‘पाणी कुठून आणता’ विचारल्यावर ‘डवरा’ ऐकू येतो, म्हणजे ओढ्याच्या पात्रात उकरलेला खड्डा, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं. फोटो दाखवून डवरा कधीच मिळाला नसता, कारण त्याचा फोटो कुणी काढून नेतच नाही. आणि आजूबाजूला चार माणसं असली तर त्यांना आपसात बोलू द्या, तुमच्याशी तलाव म्हणणारा माणूस शेजाऱ्याशी बोलताना लगेच बदलतो.

तुम्हाला गावाला जाणं शक्य नसेल तर मुंबईतच सोय आहे, ज्या गावची माणसं हवीत त्यांची मंडळं इथे आहेत, भजनाची, कबड्डीची, ग्रामस्थ मंडळं. मे महिन्यात गावाहून आलेली म्हातारी माणसं पकडा. फक्त इथे दोन पिढ्या झालेल्यांकडून शब्द घेताना जपून, त्यांची बोली ते गाव सोडून आले त्या वर्षाला थांबलेली असते. जुन्या आठवणीसाठी ते सोनं आहे, आजच्या गावासाठी नाही. शब्दकोश बघायचाच असेल तर दाते-कर्व्यांचा बघा, १९३० च्या दशकातला आहे, पण त्यात शब्दापुढे कंसात गो., कु., व., ना. अशा खुणा असतात, गोमंतकी, कुडाळी, वऱ्हाडी, नागपुरी. शब्द त्या भागात निदान तेव्हा तरी होता एवढं कळतं, आज आहे का ते माणसालाच विचारायचं. सातबारा आणि गावनकाशा पण बघा कुणाकडे असेल तर, शेतांची नावं, ‘तळ्याचं’, ‘टाक्याचा माळ’, बुजलेल्या पाण्याचा पत्ता सांगतात.

आणि चाळीतली मुलं. सहा जणांनी सहा गावं सांगितली, पण त्या परळच्या पोरांचं काय? त्यांची आठवण कुणी लिहितच नाही. मुंबईच्या माणसाकडे तळ्यांची नावं आहेत, पाणी नाही. धोबी तलाव, सीपी टँक, गोवालिया टँक, दो टाकी, बाबुला टँक, ही सगळी एकेकाळी पाण्यानं भरलेली होती, १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं आलं, पुढे मलेरियाच्या भीतीनं विहिरी आणि टँक बुजवले गेले, आणि नाव तेवढं बसस्टॉपवर राहिलं. बाणगंगा आहे, वांद्र्याचं तळं आहे, कुर्ल्याचा शीतल तलाव आहे, पण परळच्या पोराला तळं कळतं ते दोनच गोष्टींतून, एक तळ्यात-मळ्यात खेळताना आणि दुसरं जुलैत परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरतं तेव्हा. ‘हिंदमाताला तळं झालंय’ हे वाक्य परळमध्ये लहान-थोर सगळे म्हणतात, आणि माझ्या मते ते मुंबई बोलीतलं तळ्याचं सगळ्यात जिवंत वाक्य आहे. तुमच्या भागात एखाद्या पोराच्या तोंडी ते घाला.

लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पात्रासमोर शब्द लिहू नका, पाणी लिहा. फुलवाला, वाडीतलं, सिंचनाचं, घरचं. आजी, देवळाजवळचं की नदीतलं खोल, ते आधी ठरवा. वॉचमन, शेताचं की गावाचं. नर्स, आटणारं. पैलवान, खाणीतलं, पोहायचं. ड्रायव्हर, गावाचं, नाव असलेलं. मग संवाद आधी साध्या मराठीत लिहा, आणि शेवटी त्या त्या गावच्या एकेका माणसाला वाचून दाखवा. ‘हे बरोबर आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, त्यांना म्हणावं ‘तुम्ही सांगा, मी रेकॉर्ड करतो’. तुमच्या वाक्यातलं नाम बहुतेक वेळा तसंच राहील आणि बाकीचं अख्खं वाक्य बदलेल, तेच रेकॉर्डिंग नटाला ऐकवा. पैलवानाला मात्र ‘रंकाळा तलाव’ म्हणू देऊ नका, एवढं आजच खोडून टाका.